बोटात घालायचं बीपी मशीन: आप्पांचे आकडे खरे धरू का?

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांचं वय 71. बीपीची गोळी 6 वर्षांपासून चालू आहे, रोज सकाळी एक. दर दोन महिन्यांनी अमळनेरला डॉक्टरांकडे नेतो, बाकी तब्येत ठणठणीत, अजून शेतात जातात.

दिवाळीला माझा चुलतभाऊ सुरतहून आला, त्याने आप्पांसाठी बोटात घालायचं बीपी मशीन आणलं. पहिलं बोट आत घालायचं, बटण दाबलं की आतला छोटा फुगा बोट आवळतो, मग सोडतो आणि आकडे येतात. दंडाला पट्टा बांधायची कटकट नाही, म्हणून आप्पांना ते आवडलं. आता दिवसातून चार वेळा बघतात.

माझी काळजी आकड्यांची आहे. या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची आहे. रविवारी आप्पा गव्हाला पाणी भरून पहाटे घरी आले, पाय चिखलाने भरलेले, हात बर्फासारखे. आल्या आल्या बोट घातलं तर 168/101. माझ्या पोटात गोळा आला. चुलीजवळ बसले, हात शेकले, पाऊण तासाने त्याच बोटात 131/79. दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले, एक हात कपाळावर ठेवायची त्यांची सवय आहे, त्याच हाताच्या बोटात 118/72. एका दिवसात वरच्या आकड्यात 50 चा फरक, आणि गोळी तीच.

खरी भानगड काल कळली. गोळ्यांची पट्टी मोजली तर 5 गोळ्या जास्त निघाल्या. विचारलं तर म्हणाले, "माले काही व्हयेल नही. तुनं मशीनच सांगस ना एकशे अठरा? मंग गोळी कसाले खावू?" म्हणजे दहा दिवसांपासून एक दिवसाआड गोळी चालली होती आणि घरात कोणाला पत्ता नाही.

आता मी 168 खरा धरू की 118? मशीन बिघडलेलं आहे का, की बोटाची मशीनच अशी असतात? आणि घरच्या घरी तपासायचं तर कसं तपासू? कोणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

केळीवाला_रावेर

भाऊ, आमच्या घरी करोनात घेतलेलं बोटाचं मशीन आहे, चिमट्यासारखं. एकदम बरोबर दाखवतं. काल आईचं बघितलं, 97 आणि 78 आलं. तुमचं मशीन हलकं असेल, आमच्यासारखं घ्या.

निवृत्त_सिस्टर_धुळे

रावेरवाले भाऊ, आधी तुमच्यासाठी लिहिते. तो चिमटा म्हणजे ऑक्सिमीटर. 97 म्हणजे रक्तातला ऑक्सिजन 97 टक्के आणि 78 म्हणजे मिनिटाला 78 ठोके. त्यात बीपी कुठेच नाही. आईंना बीपीचा त्रास असेल तर आज-उद्याच जवळच्या आरोग्य केंद्रात दंडावर मोजून घ्या. 97/78 हे बीपी समजून चालणारी तीन-चार घरं मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून इतकं ठासून सांगते.

आता बोरीकाठ भाऊ. मी 31 वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते, पाऱ्याचं मशीन आणि स्टेथो घेऊन हजारो दंड बांधले. तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण हेच आमच्या घरात झालं आहे. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने बोटाच्या मशीनवर महिनाभर 120 च्या आसपास आकडे बघितले आणि गोळी सोडली. "अक्का, आते बरं शे," म्हणायचा. एका पहाटे उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात दंडावर मोजलं तेव्हा 196/110 होतं. तो वाचला, पण आज चार वर्षं झाली, पाण्याचा तांब्या डाव्या हाताने धरतो. म्हणून पहिली विनंती: आप्पांची गोळी आजपासून रोजची रोज सुरू राहू द्या. गेलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम दोन देऊ नका. आणि डॉक्टरांना खंड पडल्याचं खरं सांगा, लपवू नका.

मशीन बिघडलेलं असेलच असं नाही. ते बोटातला दाब मोजतंय आणि बोट म्हणजे दंड नव्हे. हृदयापासून निघालेली नाडीची लाट जितकी लांब जाते तितका तिचा आकार बदलतो. टोक उंच होतं, मधला (सरासरी) दाब थोडा पडतो, आणि हा बदल माणसागणिक, वयागणिक वेगळा. बीपीच्या गोळ्यांचं सगळं शास्त्र दंडावरच्या आकड्यांवर उभं आहे, 140/90 ही दवाखान्यातली रेघसुद्धा दंडाचीच.

दुसरं, थंडी. बोटातल्या नसा बारीक. गारठ्यात शरीर त्या आणखी आवळून घेतं, आतली ऊब टिकावी म्हणून. तंबाखूनेही त्या आवळतात. आप्पा रात्रभर बारे धरून, पाण्यात हात घालून आलेले, त्या वेळी बोटात नाडी कशी लागली असेल विचार करा. अशा बोटातला आकडा वरही जातो, खालीही जातो, कधी मशीन नुसतं चूक दाखवून बंद पडतं. पहाटेची ती 168 आणि शेकल्यानंतरची 131, दोन्हीवर मी गोळीचा निर्णय घेणार नाही. अर्थात रात्रभर राबून आलेल्या माणसाचं खरं बीपीही थोडं चढलेलं असणार. पण थंड बोटावरून त्यातलं खरं किती हे सांगता येत नाही.

तिसरं कारण आमच्या नव्या नर्स मुलींनाही पटकन कळायचं नाही. मोजायची जागा हृदयाच्या वर-खाली झाली की आकडा बदलतो. पाण्याच्या टाकीसारखंच आहे: नळ जितका खाली, तितका जोर जास्त. 10 सेंटिमीटरला साधारण 7 ते 8 मिमी पारा (बीपी याच मापात मोजतात). खुर्चीत बसून हात मांडीवर ठेवला तर बोट हृदयापासून वीतभर खाली जातं, आकडा 12-15 ने फुगतो. आणि आप्पा खाटेवर पडून हात कपाळावर ठेवतात म्हणालात, तिथे बोट हृदयाच्या वर गेलं, आकडा आपोआप उतरला. त्या 118 मधला काही भाग त्या सवयीनेच आलेला आहे. दंडाचं मशीन असतं तर पट्टा हृदयाजवळच राहिला असता, इतकी चूक व्हायला वावच नव्हता. तरी तिथेसुद्धा हात लोंबकळत ठेवला तर वरचा आकडा 6-7 ने जास्त येतो.

तपासायचं कसं, ते सांगते. दंडाचं डिजिटल मशीन घ्या. घेण्याआधी आप्पांचा दंड शिंप्याच्या टेपने मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. साधा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरचा असतो. दंड त्यापेक्षा जाड असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्टा आकडा खोटा वाढवतो. मशीन आणलं की आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि तिथल्या सिस्टरांकडून स्टेथोने मोजून ताडून घ्या. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर बघा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात कायमचा.

मग रोज एकाच वेळी बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, लघवी करून आलेले, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. पाच मिनिटं शांत, गप्पासुद्धा नकोत. हात टेबलावर, खाली उशी, म्हणजे पट्टा छातीच्या मधोमध येईल. पहिल्यांदा दंडावर. एक मिनिट थांबून त्याच हाताच्या बोटावर, बोटही छातीच्या उंचीला उचलून. परत एक मिनिट थांबून दंडावर. दंडाच्या दोन आकड्यांचा मध्य काढा आणि बोटाचा आकडा त्याच्यापेक्षा किती वर, किती खाली ते अधिक-उणे लावून वहीत लिहा. दोन्ही मशीन एकाच हाताला एकदम कधीही लावू नका. दंडाचा पट्टा फुगला की खालचं रक्त अडतं, बोटाला नाडीच मिळत नाही.

असं सात दिवस करा आणि वही इथे टाका. आणि एक महत्त्वाचं: दंडावर 180/120 च्या वर आलं आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं यातलं काहीही असलं तर वही बाजूला ठेवून सरळ गाडी काढा.

यंत्रदुरुस्ती_भुसावळ

सिस्टरताईंनी बरंच सांगितलं, मी मशीनच्या बाजूने लिहितो. दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम.

हवेने फुगणारं डिजिटल मशीन, दंडाचं असो की बोटाचं, वरचा-खालचा आकडा थेट मोजत नाही. पट्ट्यातली हवा सोडताना नाडीची थरथर कुठे सगळ्यात जोरात येते ते पकडतं. तो झाला मधला दाब. वरचा आणि खालचा त्यावरून कंपनीच्या गणिताने काढलेला असतो. बोटात थरथर मुळातच बारीक, म्हणून गणिताला आधार कमी. ज्या मशीनमध्ये फुगाच नाही, नुसता उजेड बोटातून जातो, ती तर आणखी अंदाजाची. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी ॲप्स मी कोणालाच सुचवत नाही.

मशीन खरं की खोटं हे ठरवायची जगभर मानलेली पद्धत आहे. 2018 मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या संस्था आणि आयएसओ ही मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून एकच मानक ठरवलं. त्यात कमीत कमी 85 माणसांवर चाचणी होते. दोन शिकलेली माणसं एकाच दुहेरी स्टेथोने ऐकतात, एकाचा आकडा दुसऱ्याला दिसू देत नाहीत, त्याशी मशीन ताडतात. सरासरी फरक 5 मिमीच्या आत हवा आणि फरकांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, 8 च्या आत हवं. लोक सरासरी बघतात आणि पसारा विसरतात, खरी मेख तिथेच असते. अमेरिकन हार्ट असोसिएशन घरासाठी दंडाचंच मशीन घ्या म्हणते; मनगट आणि बोट यांचे आकडे कमी भरवशाचे म्हणून नको सांगते. स्ट्राइड बीपी नावाच्या संकेतस्थळावर कसोटीला उतरलेल्या मशीनची यादी आहे. दुकानात खोक्यावरचा मॉडेल नंबर तिच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा, नुसतं कंपनीचं नाव बघून घेऊ नका.

कोणी म्हणेल, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी बोटाला पट्टी लावून बीपी बघतात, ते कसं चालतं? ते वेगळं तंत्र. यान पेन्याझ या चेक शास्त्रज्ञाने 1973 च्या सुमारास ते मांडलं. बोटातली नस फुगूही द्यायची नाही, बसूही द्यायची नाही, म्हणून पट्टीतला दाब प्रत्येक ठोक्यात क्षणाक्षणाला बदलत राहतो आणि पडद्यावर ठोक्यागणिक लाट दिसते. हाताची उंची हृदयाशी जुळवायची सोय वेगळी असते. ते यंत्र घरात घेण्यातलं नाही, आणि त्याचं नाव पुढे करून कोणी घरगुती बोटाचं मशीन विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

सेल मात्र नवे टाका. सेल उतरले की फुगा नीट भरत नाही.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

सिस्टर, भुसावळचे दादा, दोघांचेही आभार. उत्तराला उशीर झाला कारण वही पूर्ण करायची होती.

त्याच संध्याकाळी आप्पांना समोर बसवून सिस्टरांच्या भावाची हकीकत वाचून दाखवली. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले आणि देवळीतली गोळ्यांची पट्टी आणून माझ्या हातात दिली. तेव्हापासून रोज सकाळी माझ्यासमोर घेतात.

दंडाचं मशीन यादीत मॉडेल बघून घेतलं. आप्पांचा दंड 29 सेंटिमीटर, साधा पट्टा बसला. आरोग्य केंद्रात नेलं, तिथल्या ताईंना स्टेथोने 150/92 ऐकू आलं, आमच्या मशीनने 152/90 दाखवलं. डाव्या हातापेक्षा उजव्याचा 6 ने जास्त, म्हणून उजवा धरला.

सात दिवसांचे वरचे आकडे. आधी दंड, मग बोट, मग परत दंड. सोमवारी 152, 141, 148. मंगळवारी 146, 163, 144. बुधवारी 154, 128, 150. गुरुवारी 148, 150, 148. शुक्रवारी 144, 159, 142. शनिवारी 150, 139, 146. रविवारी 147, 155, 145. बोटाचा फरक असा निघाला: उणे 9, अधिक 18, उणे 24, अधिक 2, अधिक 16, उणे 9, अधिक 9.

मी बेरीज करून सात ने भागलं तर सरासरी फरक अर्धासुद्धा येत नाही! क्षणभर वाटलं, मशीन तर एक नंबर आहे. मग दादांचं पसाऱ्याचं वाक्य आठवलं. बुधवारी 128 बघून आप्पा खुश होते, आणि त्याच पाच मिनिटांत दंडावर 154 आणि 150 होतं. माझा मुलगा अकरावीला आहे, त्याने प्रमाण विचलन काढून दिलं, 15 च्या थोडं वर आलं. तुमची रेघ 8 ची. हात रोज छातीच्या उंचीला, ऊबदार खोलीत, तरीही हे.

आणखी एक लक्षात आलं. एका वेळचे दंडाचे दोन आकडे एकमेकांपासून फार तर 4 नेच फिरतात. मशीनवर भरवसा बसला तो त्यामुळे. पण याचा अर्थ गोळी रोज घेऊनही आप्पांचं 145-150 आहे. घरी किती असायला हवं? बुधवारी आप्पांना डॉक्टरांकडे नेणार आहे.

यंत्रदुरुस्ती_भुसावळ

वही फार चांगली ठेवलीत. एका माणसाच्या सात जोड्यांवरून त्या मॉडेलला नापास म्हणता येणार नाही, त्याला 85 माणसंच लागतात. पण आप्पांच्या बोटावर ते चालत नाही, एवढं ठरवायला ही वही पुरेशी आहे. उणे 24 आणि अधिक 18, मधलं अंतर 42. एवढ्या अंतरात नॉर्मल माणूसही बसतो आणि दवाखान्यात धावायची वेळ आलेला माणूसही.

केळीवाला_रावेर

सिस्टर, आईला सावद्याला नेलं. दंडावर 164/96 निघालं. ऑक्सिमीटरवर आम्ही निवांत होतो. गोळी सुरू झाली.

निवृत्त_सिस्टर_धुळे

रावेरवाले भाऊ, वेळेत नेलंत, फार बरं वाटलं. आईंचंही दंडावरच बघत चला.

बोरीकाठ भाऊ, घरी मोजलेल्या बीपीची रेघ 135/85 ची, दवाखान्यापेक्षा थोडी खाली, कारण घरी माणूस निवांत असतो. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी धरतात. तुमचे सहा दिवसांचे दंडाचे आकडे 147 च्या जवळ जातात, म्हणजे रेघेच्या वर. पण दहा दिवस गोळी एक दिवसाआड होती, पुन्हा नीट लागू पडायला वेळ जातो, म्हणून डोस वाढवायचा की थांबायचं हे डॉक्टरांवर सोडा. वही तशीच्या तशी न्या, बोटाचे आकडेसुद्धा खोडू नका. सकाळसोबत संध्याकाळीही दोनदा मोजायला लागा.

आप्पांच्या ताटातलं मीठ बघा. आपल्याकडे ठेचा, लोणचं, बिबड्या, पापड, वर शेवभाजी, सगळ्यातून मीठच जातं, आणि पापडखारातही सोडियम असतं. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्याच्या आत ठेवायला सांगतात. जेवताना वरून घ्यायची मिठाची वाटी ताटाजवळून उचलली तरी सुरुवात होते.

आणि एक करा, बुधवारी दवाखान्यात जायच्या आधी. पाच मिनिटं बसवून मोजल्यावर आप्पांना उभं करा आणि एका मिनिटाने, परत तिसऱ्या मिनिटाला, उभ्यानेच दंडावर मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या वयात रात्री बांधावरून एकटे चालतात, डोस वाढल्यावर चक्कर यायला नको. कोणीतरी जवळ उभं राहा मोजताना.

डॉक्टर काय म्हणाले ते बुधवारी रात्री इथे लिहा, मी बघते.